थोरल्या जावेची करंगळी

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र बघून दचकला असशील. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि ठेवून देतोस. कागदावर खोटं बोलायला माणसाला जरा वेळ लागतो, आणि खाडाखोड दिसते. शिवाय डॉक्टरांनीच सांगितलंय, दिसतंय तोवर लिहा-वाचा.

हो, दिसतंय तोवर. काल तिसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा मेला गेलेलं परत देत नाही. कडेकडेनं अंधार आत सरकत येतोय. सध्या मला जग दिसतं ते किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं. समोरचा बटाटा दिसतो, शेजारची सुरी दिसत नाही. "जूनपर्यंत तरी टिकेल का?" मी विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा त्यांना सांगता येत असतं, एवढं या वयात कळतं मला.

तर काय काय बघून घ्यायचं याची मी यादी केली. ती फार लांबली म्हणून फाडली आणि एकच गोष्ट ठेवली. ठोक्यानं केलेलं ते बोट.

माझा पोरगा, माझा ठोक्या, जाऊन पाच वर्षं झाली. जन्मभर त्यानं लाकडात काम केलं आणि माझ्या घरात त्याच्या हातचं साधं स्टूल नाही. "करतो ग ताई, करतो" म्हणत राहिला. तू आमच्याकडे राहायचास, तुझं ऐकून ऐकून तोही मला ताईच म्हणायला लागला. आई म्हणून हाक कधी आलीच नाही मला, ते पाप तुझं. त्याच्या हातचं जे काही आहे ते तुमच्या म्युझियममध्ये. सातशे वर्षांच्या त्या लाकडी बाईची तुटलेली करंगळी त्यानं नवी करून बसवली, ती. तो तिथे दुरुस्तीच्या खोलीत कामाला होता तोवर मी "येईन, येईन" म्हणत राहिले. तो गेल्यावर माझं पाऊल उचललं नाही. आता उचलायला हवं. तू तिथेच पहाऱ्यावर आहेस, तेव्हा तुझ्यासोबत आत येईन, दोन मिनिटं काचेला नाक लावून उभी राहीन आणि परत जाईन.

अक्षर वाकडं वाटलं तर डोळ्यांना दोष देऊ नकोस. माझी करंगळी मधल्या पेरातून बाहेर वळलेली, ती कागदावर आडवी येते. कृपा तुझीच. सहा वर्षांचा होतास, दार धाडकन लोटलंस. बाबांना मी सांगितलं, वाऱ्यानं लागलं. बाबा खिडक्या तपासत हिंडले, आणि त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

कधी येऊ ते कळव.

ताई

---

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

("तीर्थरूप" पूर्ण लिहिलं की तू म्हणतेस, जिवंतपणी तीर्थात बुडवलंस. म्हणून अर्धंच.)

पत्र डबा खाताना उघडलं. डबा तसाच झाकून ठेवला. आमच्या तिकीटखिडकीवाल्याच्या सासूलाही असंच झालं होतं, तिला कुठल्याशा डॉक्टरांच्या थेंबांनी बराच फरक पडला म्हणे. नाव विचारून ठेवतो. तीन डॉक्टर चुकू शकतात. माझ्या गुडघ्याच्या बाबतीत चार चुकले होते.

तू यायचं म्हणतेस, पण आमचं दालन नेमकं बंद आहे. छताला ओल आली, पोपडे निघाले. सगळं कापडानं झाकून ठेवलंय. शिरस्त्राणं, हातभर लांबीच्या किल्ल्या, हाडाचे कंगवे, तो घर नसलेला दरवाजा, सगळं पांढऱ्या चादरीखाली. मे उजाडेल, कदाचित जून. मी रोज खुर्ची टाकून चादरींवर पहारा देतो. नोकरीची दोन वर्षं राहिलीत, तेवढी अशी गेली तरी माझी तक्रार नाही.

त्या लाकडी बायका दोन आहेत, ठोक्यानं सांगितलंच असेल. एकीच्या हातात दिवा, दुसरीच्या हातात वाडगा. एकमेकींकडे पाठ करून उभ्या, म्हणून आम्ही पहारेकरी त्यांना जावा म्हणतो. दिवेवाली थोरली, वाडगेवाली धाकटी. वाटणीच्या दिवशी भांडल्या त्या आजतागायत बोलत नाहीत. करंगळी तुटली होती ती थोरलीची.

आणि खरं सांगू का, दालन उघडलं तरी आत उजेड नसतोच. उजेडानं जुने रंग उडतात, म्हणून दिवे इतके मंद की चांगल्या डोळ्यांची माणसं ठेचकाळतात. तुला त्रास कशाला? मीच येतो रजा काढून, दोन दिवस राहतो.

तुझा,
धाकटा

---

२० फेब्रुवारी

धाकट्या,

थेंबांचं नाव विचारू नकोस. त्या सासूला दिसायला लागलं असेल तर तिच्या जावयाला बघून पुन्हा डोळे मिटले असतील तिनं.

दालन बंद आहे हे सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर येऊन दारावर डोकं आपटलं असतं. तसंही हल्ली आपटतेच. परवा चहा कपाच्या बाहेर ओतला. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई सुई ओवून घ्यायला माझ्याकडे यायच्या, आता उलटं झालंय. मी बटण घेऊन त्यांच्याकडे जाते.

ठोक्याचं फार आठवतं. तुला आठवतं का, तूच त्याला तिथे चिकटवलंस तेव्हा किती मिरवलं होतंस? "माझा भाचा मेलेल्या लाकडाला जिवंत करतो" असं बसमधल्या अनोळखी माणसांना सांगायचास. ते बोट बसवलं आणि दोनच महिन्यांत त्याला काढून टाकलं. मी विचारलं, काय रे, काय चुकलं? म्हणाला, "काही नाही ग ताई, वारा फिरला." आणि हसला. मला वाटलं, वरचे साहेब बदलले असतील. मग कुठल्याच म्युझियमनं त्याला उभं केलं नाही. मग तो खोक्यांचा कारखाना, मग ती अंगावर कोसळलेली फळ्यांची चळत. पुढचं तुला माहीत आहे, ओळख पटवायला तूच गेला होतास. मला बघू दिलं नाहीस. बरोबर केलंस की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक कर. ते बोट दिसतं कसं ते लिहून पाठव. तू तर रोज बघतोस. बघायचं राहून गेलंच तर निदान ऐकलेलं असेल.

ताई

---

६ मार्च

ती. ताईस,

तू सांगितलंस म्हणून काल मुद्दाम चादर वर करून थोरलीचा हात नीट बघितला. काय सांगू तुला. ठोक्याचं काम म्हणजे काम. चवळीच्या शेंगेसारखं सरळ, निमुळतं बोट. नखसुद्धा कोरलंय. बाकीच्या चार बोटांशी असं जुळतं की जणू ती बाई ते घेऊनच जन्माला आली.

या दुरुस्तीवाल्यांचा एक नियम असतो, ठोक्या मला नेहमी ऐकवायचा. दुरुस्ती चार पावलांवरून दिसता कामा नये आणि एका पावलावरून लपता कामा नये. शिवाय लावलेलं उद्या काढता आलं पाहिजे. म्हणून त्याच्या बोटाचा रंग जवळून बघितलं तर किंचित फिका आहे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे म्युझियमच्या प्रमुख, त्या तर पाहुण्यांना मुद्दाम थांबवून दाखवतात. "असा हात पुन्हा मिळाला नाही" म्हणतात. मी बाजूला उभा राहून ऐकतो आणि छाती फुगते.

आता तू डोळे मिटलेस की तुला दिसेल बघ. चार तासांच्या बसचा त्रास घेऊन येण्यासारखं त्यात आणखी काही नाही.

तुझा,
धाकटा

---

१५ मार्च

धाकट्या,

सरळ आहे म्हणतोस. बरं.

वर्णनानं पोट भरलं असतं तर लोकांनी चुली पेटवल्या नसत्या. मी पंचवीस तारखेला सकाळच्या बसनं येते. चादर असू दे, पोपडे असू देत. चादर उचलायला माझे दोन हात धड आहेत. शिवणवाल्या बाई बसमध्ये बसवून देतील, तू उतरवून घे.

ताई

---

१९ मार्च

ती. ताईस,

ये. दालनाचं काम लवकर आटपलं, गेल्याच आठवड्यात उघडलं. तुझं नशीब. स्टँडवर मी दहालाच येऊन थांबतो. पिवळी पिशवी हातात धर म्हणजे गर्दीत मला दिसशील. आणि आत गेल्यावर माझा हात सोडू नकोस, पायऱ्या आहेत.

धाकटा

---

२८ मार्च

ती. ताईस,

सुखरूप पोचल्याचा शिवणवाल्या बाईंचा फोन आला. जीव भांड्यात पडला.

ताई, खरं सांगतो, आणायचं मी किती टाळलं, पण तू आलीस ते फार चांगलं झालं. तू काचेला नाक लावून उभी होतीस आणि काचेवर तुझ्या श्वासाची वाफ धरत होती, ती तू बाहीनं पुसत होतीस. आमच्याकडे काचेला हात लावला की आम्ही ओरडतो. माझे दोघं सोबती माझ्याकडे बघत होते, मी त्यांना खूण केली, गप्प राहा. आणि मग तू म्हणालीस, "हो रे, अगदी तसंच." तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुला दिसलं नसेल.

किती दिवसांनी मला शांत झोप लागली. तुझी इच्छा पुरी झाली. आता डोळ्यांचं जे व्हायचं ते होवो, ठोक्याचं बोट तू बघितलंस, ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

चहाबरोबर तू काही खाल्लं नाहीस. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

---

९ एप्रिल

धाकट्या,

कुणी काढून घेऊ शकत नाही, असं लिहिलंस. ते वाक्य लिहिताना हात थांबला नाही का रे तुझा?

तू मला दंडाला धरून आत नेलंस. दालन नुकतं दुरुस्त केलंय म्हणालास, पण आत ना चुन्याचा वास ना रंगाचा. डोळे गेले की नाक तिखट होतं. पहिल्या बाईपाशी मी थांबायला लागले तर तू ओढलंस, "ही धाकटी, पुढे चल." पुढचीपाशी उभं केलंस. मी विचारलं, दिवा कुठाय? म्हणालास, दुरुस्तीला गेलाय. तिच्या हातात वाडगा होता, धाकट्या. किल्लीच्या भोकातून बघणाऱ्याला थोडंच दिसतं, पण जे दिसतं ते नीट दिसतं.

आणि बोट सरळ होतं.

तुला जे माहीत नाही ते सांगते. त्या वर्षी ठोक्या सुट्टीला आला तेव्हा एका बशीत मेणाचा गोळा घेऊन बसला. म्हणाला, "ताई, करंगळी रोव." मी म्हटलं, अरे वाकडी आहे ती. म्हणाला, "म्हणूनच." त्या बाईचा हात कामाचा हात आहे म्हणाला, पेरं जाड, तळव्याला भेगा कोरलेल्या. तिला सरळ नाजूक बोट लावलं तर दुसऱ्या कुणाचं वाटेल. मग मी रोवली. मेण गरम होतं. फुंकर घालत बसला होता, लहानपणी मी त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालायचे तशी. "मामाला बोलू नको, त्याला आपोआप ओळखू येतं का बघू," म्हणाला. तुलाही त्यानं सांगितलं असेल, ताईला बोलू नको. दोघांना सांगितलं म्हणून दोघं गप्प बसलो.

तू सरळ लिहिलंस तेव्हाच मला शंका आली. तरी आले. म्हटलं, तुझी नजर चुकली असेल, बोट चुकलं नसेल.

"अगदी तसंच" म्हणाले, कारण तुझे सोबती बघत होते. चारचौघांत तुला उघडं पाडणं मला कधी जमलंच नाही. मग तू चहा आणायला गेलास. मी भिंत धरून परत पहिल्या बाईपाशी गेले. तिच्या हातात दिवा आहे. चार बोटं आहेत. पाचव्या जागी खुंट आहे आणि त्यात बोट अडकवायची दोन बारीक भोकं आहेत.

बोट कुठे आहे? लिहून कळव. लवकर कळव, माझं मला वाचता येतंय तोवर. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकायचं नाही.

ताई

---

२ जून

ताई,

जवळजवळ दोन महिने लागले. कागद किती फाडले त्याची मोजदाद नाही. तू म्हणाली होतीस ना, कागदावर खोटं बोलायला वेळ लागतो. खरं बोलायला त्याहून जास्त लागतो.

थोरली दुरुस्त होऊन दालनात परत आली त्या दिवशी मी पहाऱ्यावर होतो. हाताकडे नजर गेली आणि मी खुर्चीवरून उठलोच. मला ते बोट ओळखायला क्षणही लागला नाही. मीच केलेलं आहे ते. ठोक्या दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता आणि हसत होता. म्हणाला, "मामा, ताईला बोलू नको, आणून दाखवू."

पुढच्या महिन्यात बाहेरच्या म्युझियमची मोठी माणसं आली. मोठ्या बाई त्यांना थोरली दाखवत होत्या. एक पाहुणा म्हणाला, केवढं जिवंत बोट आहे हे. आणि ताई, माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पुढे होऊन छातीला हात लावून म्हणालो, "बाई, ही करंगळी माझ्या ताईची आहे हो! माझ्या भाच्यानं केलीय!" सगळे हसले. मीही हसलो. मग त्या पाहुण्याचं हसू थांबलं, मग बाईंचं थांबलं.

त्यांच्यात ते चालत नाही. हरवलेला भाग त्या काळच्या कामावरून ठरवायचा असतो. सातशे वर्षांच्या मूर्तीला आपल्या घरच्या माणसाचं बोट लावणं म्हणजे चोरीपेक्षा वाईट, असं बाई म्हणाल्या. चौकशी झाली. आठ दिवसांत बोट उतरवलं आणि महिन्याच्या आत ठोक्याला घरी पाठवलं. त्याच्या कागदावर जे लिहिलं ते बाकीच्या म्युझियमांपर्यंत पोचलं.

जाताना त्यानं मला विचारलं, "मामा, बाईंना कळलं कसं?" मी म्हणालो, काय माहीत बाबा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताईला काही बोलू नकोस." एवढंच. त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागला, ते मला जास्त लागलं.

बोट कोठीत होतं. उतरवलेल्या दुरुस्त्यांचं एक खोकं असतं, त्यात जुन्यापान्या लोकांनी लावलेली नाकं, कान, बोटं, सगळ्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या. तीन वर्षांपूर्वी त्या खोक्यात कीड निघाली. कीड मूळ मूर्तींना लागेल म्हणून खोकं जाळायचं ठरलं. मागे बॉयलर आहे, तिथे. खोकं उचलायला मला आणि आणखी एकाला सांगितलं. तो जाळायच्या परवानगीची चिठ्ठी आणायला वर गेला तेव्हा मी एकटा होतो. ठोक्याचं बोट वरच पडलेलं होतं, ताई. वाकडं. खिशात मावलं असतं. गेटवर आमची झडती होते, नोकरीची पाच वर्षं राहिली होती. मी ते हातात घेतलं आणि परत ठेवलं.

ठोक्या तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. ते जपून ठेवायला पाहिजे हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तू आलीस तेव्हा मला वाटलं, ताईला नीट दिसत नाही, धाकटीचा हात दाखवला तर चालून जाईल. एवढा मोठा झालो तरी मला हेच वाटलं.

आता तू म्हणशील ते. सांगशील त्या शनिवारी येतो.

धाकटा

---

२३ जून

धाकट्या,

हे मी पुठ्ठ्याला लांब चिरा पाडून त्यातून लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर पुन्हा पुन्हा वाच, मी पुन्हा लिहिणार नाही. शिवणवाल्या बाई लिहून घेते म्हणाल्या होत्या. नको म्हटलं. तुझं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं, तेवढं पुरे झालं त्यांना.

मे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत मला अक्षर दिसत होतं. भिंगाखाली एकेक, पण दिसत होतं. मग खिडकी कुठे आहे तेही कळेनासं झालं. तू आधी लिहिलं असतंस तर तुझं पत्र माझं मी वाचलं असतं. एवढंच मागितलं होतं तुझ्याकडे. बॉयलरपाशी आल्यावर बाई थांबल्या. मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं, मग त्या रडल्या. मला रडू आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते डोळे कोरडे पडतील, तेवढं त्यांचं बरोबर निघालं.

तू बोललास ते कौतुकानं बोललास, हे मला कळतं. ठोक्यालाही कळलं होतं. कौतुक चारचौघांत करायची तुझी सवय. पण खोकं उचललंस ते कौतुकानं नाही.

तुला एक सांगायचंय, मग संपवते. बाबांना मी वारा सांगितला होता ती गोष्ट मी ठोक्याला शंभरदा सांगितली असेल. जेवताना माझं बोट बघायचा आणि म्हणायचा, सांग ना ग ताई वाऱ्याची. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की आम्ही दोघं म्हणायचो, वारा येऊन गेला वाटतं. तू आमच्याकडची कपबशी फोडून गेलास की तो खिडकीकडे बघून हसायचा. तुझ्यासमोर नाही कधी. ते आमच्या दोघांतलं होतं.

त्याला कामावरून काढलं तेव्हा मी विचारलं, काय चुकलं रे? आणि तो म्हणाला, वारा फिरला. आणि हसला. मी काय समजले, तर साहेब बदलले. त्यानं मला नाव सांगितलं होतं, धाकट्या. माझे तेव्हा डोळे चांगले होते, कान चांगले होते, तरी मला कळलं नाही. आमच्या घरात वारा म्हणजे तू.

आता दिवस आणि रात्र सारखीच. बसून राहते आणि अंगठा करंगळीवरून फिरवते. वाकलेलं पेर, बाहेर वळलेलं टोक. त्याच्या हातचं बोट हुबेहूब असंच होतं, म्हणजे ते कसं होतं ते मला ठाऊक आहे. पण हे त्यानं केलेलं नाही. हे तू केलेलं आहेस.

शनिवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्या शनिवारीही नको. दार आतून लावून घेतलंय. वाऱ्यानं लागलेलं नाही, मी लावलंय.

ताई